टायर बदलताना प्रेशरचा सेन्सर कसा सांभाळायचा? खानदेशातल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

चाकातला प्रेशर सेन्सर दुकानात मोडतो तो बहुधा पहिल्या दोन मिनिटांतच. चाक मशीनला टेकवलं जातं, टायर रिमपासून सोडवणारी पावडी दाबली जाते, आत काहीतरी कट् होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नवा टायर चढतो, हवा भरली जाते, आणि गाडी रस्त्याला लागल्यावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. बाहेरून दिसतं ते फक्त व्हॉल्व्हचं टोक, सेन्सर रिमच्या आत त्याच्या बुडाशी बसलेला असतो. त्यामुळे चाक मशीनवर चढण्याआधी "भाऊ, चाकात सेन्सर आहे, व्हॉल्व्हजवळ पावडी लावू नका" हे सांगणं, हे या सगळ्या कामातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात महत्त्वाचं पाऊल आहे. जुने कारागीरही हे विसरतात, कारण दिवसभरात त्यांच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत सेन्सर नसतोच.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे?

टीपीएमएस म्हणजे टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा. तिचे दोन प्रकार आहेत आणि दोघांची काळजी अगदी वेगळी.

पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकात खरा सेन्सर असतो. तो हवेचा दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो. त्यात सील केलेली लिथियम बॅटरी असते आणि ती साधारण ५ ते १० वर्षं चालते. ती वेगळी बदलता येत नाही, संपली की सेन्सरच नवा घ्यायचा. स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसत असतील, उदाहरणार्थ पुढे ३३ आणि मागे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), तर तुमच्याकडे हा प्रकार आहे.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसतं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, प्रत्येक चाकाचा वेग मोजतच असते. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते इतरांपेक्षा जरा जास्त फिरतं, आणि त्यावरून गाडी अंदाज बांधते. अशा गाडीत आकडे बहुधा दिसत नाहीत. फक्त दिवा लागतो आणि मेन्यूत किंवा बटणावर रीसेटची सोय असते. टायर बदलताना इथे मोडण्यासारखं काही नाही. पण चारही टायरांची हवा सारखीच हळूहळू उतरली, तर या यंत्रणेला ते सहसा कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा हातातल्या गेजने हवा बघणं चुकत नाही.

व्हॉल्व्ह धातूचा आणि त्याच्या मुळाशी नट असेल तर आत सेन्सर असण्याची शक्यता मोठी. पण उलट अर्थ काढू नका, कारण रबरी व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सरही बऱ्याच गाड्यांत येतात. शंका असेल तर मॅन्युअल उघडा.

दुकानात जायच्या आधी

शहादा, चोपडा, पारोळा अशा गावांत टायर उतरवण्याचं मशीन सहज मिळतं, पण सेन्सर वाचणारं आणि गाडीला जोडून देणारं यंत्र प्रत्येक दुकानात असेलच असं नाही. त्यामुळे आधी फोन करून विचारा. यंत्र नसेल तरी टायर बदलता येतो, फक्त जुनेच सेन्सर शाबूत राहतील याची खात्री करावी लागते. सेन्सरच बदलायचा असेल तर जळगाव, धुळे किंवा नाशिकचं काम आहे असं धरून चला.

निघण्याआधी चार गोष्टी करा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघा, तिथे कंपनीने सांगितलेला दाब लिहिलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हा टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. पंधराएक मिनिटं गाडी चालवून स्क्रीनवरच्या चारही आकड्यांचा फोटो काढा. म्हणजे सेन्सर आधीपासून बंद होता की दुकानात मोडला, हा वाद उरत नाही. दिवा आधीच लागत असेल तर तेही दुकानदाराला दाखवून ठेवा. आणि चार चाकांसाठी व्हॉल्व्हचं सर्व्हिस किट मिळतं का ते विचारा. त्यात रबरी सील, वॉशर, नट, व्हॉल्व्हच्या आतली हवा अडवणारी पिन आणि टोपी असते. सेन्सरच्या किमतीपुढे हे किट काहीच नाही, तरी लोक नेमकं हेच टाळतात. जुनं सील एकदा दाबून चपटं झालं की परत तितकं घट्ट बसत नाही, आणि महिन्याभराने त्या चाकाची हवा रोज पाव-अर्धा पीएसआय कमी व्हायला लागते.

एककांचा गोंधळ इथेच मिटवू. स्टिकरवर २३० केपीए लिहिलं असेल तर ते ३३ पीएसआय. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. काही स्टिकरांवर किलोचा आकडा असतो, १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय.

मशीनवरचं काम

१. चाक काढल्यावर आतल्या बाजूला खडूने खूण करा: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडी तो जागेसकट लक्षात ठेवते. जागा आपोआप ओळखणाऱ्या गाड्याही आहेत, पण आपली तशी आहे हे गृहीत धरू नका.

२. हवा पूर्ण सोडा. व्हॉल्व्हची पिन काढून ठेवा. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये निकेलचा मुलामा असलेली पिन असते. तिच्या जागी दुकानातल्या डब्यातली साधी पितळी पिन बसवली तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि काही महिन्यांनी पिन निघतच नाही. जोर केला की व्हॉल्व्ह तुटतो, आणि मग पूर्ण सेन्सर जातो. लोखंडी किंवा पितळी शोभेच्या टोप्यांचंही तेच. प्लास्टिकची टोपी बरी.

३. टायरची कडा सोडवताना पावडी व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला किंवा निदान चाकाचा पाव घेर लांब लावायची. दोन्ही बाजूंनी. चुका जास्त होतात त्या दुसऱ्या बाजूला, कारण चाक उलटल्यावर व्हॉल्व्हचं टोक दिसत नाही. म्हणून पहिली बाजू करतानाच टायरवर व्हॉल्व्हच्या जागी दोन्हीकडे खडूची रेघ मारून घ्यावी.

४. चाक मशीनवर आडवं बसवल्यावर, टायर उतरवताना व्हॉल्व्ह मशीनच्या डोक्यापासून (टायरची कडा रिमवरून उचलणारा भाग) थोडा पुढे, म्हणजे डोकं घड्याळातल्या १२ वर धरलं तर साधारण १ वर असावा. चाक फिरायला लागलं की सेन्सर डोक्यापासून दूर जातो. टॉमी, म्हणजे कडा उचकटायची लोखंडी पट्टी, आत घालताना ती जेमतेम कडेखाली जाईल इतकीच घाला, फार आत गेली की तिचं टोक सेन्सरच्या प्लास्टिकवर टेकतं.

५. टायर निघाला की सेन्सर हाताने तपासा. कवचाला चीर आहे का, तो रिमवर डुगडुगतो का, व्हॉल्व्हच्या मुळाशी पांढरी भुकटी धरली आहे का. ती भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज. सेन्सरच्या अंगावर छापलेल्या क्रमांकाचा फोटो काढा. तो बहुतेक वेळा आठ अक्षर-अंकांचा असतो आणि पुढे कधी सेन्सर बदलायचा झाला तर हाच फोटो कामाला येतो. टायर पुन्हा उघडल्याशिवाय तो क्रमांक डोळ्यांनी दिसत नाही.

६. सील, वॉशर, नट आणि पिन नवी घाला. रिमच्या भोकाभोवतीची माती आणि गंज कापडाने पुसा. नटाला फार थोडा जोर लागतो, बहुतेक सेन्सरांना ४ ते ८ न्यूटन मीटरच्या दरम्यान, नेमका आकडा किटवर किंवा सेन्सरच्या पुस्तिकेत असतो. छोटा टॉर्क पाना नसेल तर लहान पान्याने हाताने आवळा, पण हवेची गन नटाला लावूच देऊ नका. पोकळ अॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह त्या झटक्याने तडकतो. तडक लगेच दिसत नाही, एखाद्या दिवशी घाटात व्हॉल्व्हच उडतो. रबरी व्हॉल्व्हवरचा सेन्सर एका छोट्या स्क्रूने धरलेला असतो. तिथे रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवा घालायचा आणि तो आत ओढताना सेन्सर पिळला जाणार नाही असा धरायचा.

७. नवा टायर चढवताना व्हॉल्व्ह डोक्याच्या हिशेबाने ५ वाजण्याच्या जागी ठेवा, म्हणजे कडेचा शेवटचा घट्ट भाग सेन्सरवरून जात नाही. कडेला लावायचं वंगण ब्रशने नीट लावा, सेन्सरवर ओतू नका. सेन्सरला दाब मोजण्यासाठी सुईएवढं भोक असतं, ते बुजलं की आकडा तिथेच अडकतो.

८. कडा बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नये. बसत नसेल तर हवा सोडा, वंगण परत लावा आणि पुन्हा प्रयत्न करा. बसल्यावर स्टिकरवरच्या दाबाला आणा आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी व टोकाशी साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा.

९. बॅलन्सिंग न चुकता. व्हॉल्व्हसकट सेन्सरचं वजन तीस-चाळीस ग्रॅम भरतं, त्यामुळे व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला वजनाचा तुकडा लागलेला दिसला तर त्यात वावगं काही नाही.

१०. चाकं खुणेप्रमाणे आपापल्या जागी. नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे, आवळा आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्या. आकडा मॅन्युअलचा. लहान-मध्यम गाड्यांत तो साधारण १०० ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा.

गाडीला सेन्सर ओळखू देणं

जुनेच सेन्सर जुन्याच जागी गेले तर बहुतेक गाड्यांना वेगळं काही करावं लागत नाही. चाकं थांबलेली असताना बॅटरी वाचवण्यासाठी सेन्सर झोपलेले असतात. त्यामुळे काम संपल्या-संपल्या स्क्रीनवर आकड्यांऐवजी रेघा दिसल्या तर घाबरू नका. वीस-पंचवीस मिनिटं, ताशी ४० किलोमीटरच्या वर चालवा. अरुंद बाजारपेठेत घुटमळून हे होत नाही, गाडी महामार्गावर न्या.

सेन्सर नवा असेल किंवा चाकांची अदलाबदल केली असेल तर पुढचे तीन मार्ग. काही गाड्या चालवता चालवता नवे क्रमांक स्वतः शिकतात. काही गाड्यांना शिकण्याच्या स्थितीत टाकून, हातातल्या यंत्राने एकेका व्हॉल्व्हजवळ सेन्सर जागा करावा लागतो. क्रम मॅन्युअलप्रमाणे, बहुधा पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून गाडीभोवती फेरी. आणि काहींमध्ये स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून (गाडीचा संगणक तपासायची जोडणी) स्कॅनरने क्रमांक लिहावे लागतात. तुमच्या गाडीला यातलं काय लागतं ते सेन्सर विकत घेण्याआधी विचारा, नंतर नाही. चौथी पळवाटही आहे: कोरा सेन्सर घेऊन त्यात जुन्याचाच क्रमांक भरायचा. मग गाडीला बदल झाल्याचं कळतच नाही. जुन्या सेन्सरच्या क्रमांकाचा फोटो इथे कामी येतो. सेन्सर घेताना लहरींची वारंवारताही जुळवा. ४३३ मेगाहर्ट्झच्या गाडीला ३१५ चा सेन्सर कधीच ऐकू येणार नाही.

चाकात सेन्सर नसलेल्या गाडीत काम सोपं, पण चूक करायला जागा मोठी. आधी चारही टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे भरा, मग रीसेट दाबा. हवा कमी असताना रीसेट केलं तर गाडी तोच कमी दाब बरोबर मानते. दिवा विझतो, माणूस खूश होतो, आणि यंत्रणा आंधळी होते.

दिवा काय सांगतो

इंजिन सुरू केल्यावर दिवा क्षणभर लागून विझला, तर सगळं ठीक. सरळ लागून राहिला तर कुठल्यातरी टायरात हवा कमी आहे. साधारणपणे ठरलेल्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के कमी झाल्यावरच तो लागतो. म्हणजे ३३ चा टायर २६ च्या आसपास येईपर्यंत गाडी गप्पच असते, म्हणून दिवा लागायची वाट बघत बसू नका. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर दोष यंत्रणेत आहे: सेन्सर मेलेला, मोडलेला किंवा गाडीने न ओळखलेला. अशा वेळी हवा भरत बसून उपयोग नाही.

स्टेपनी लावल्यावर हाच लुकलुकता दिवा हमखास दिसतो, कारण बहुतेक स्टेपन्यांमध्ये सेन्सर नसतो. स्टेपनी लहान मापाची असेल तर चाकाचा घेरच वेगळा, म्हणून दुसऱ्या प्रकारची यंत्रणाही गोंधळते. गाडीत काही बिघडलेलं नाही. पंक्चर काढून मूळ चाक लावलं की दिवा जातो. लहान स्टेपनीवर लिहिलेली वेगमर्यादा मात्र पाळा, ती बहुधा ताशी ८० किलोमीटर असते.

आपल्याकडचं ऊन आणि आपल्याकडचे काटे

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि धुळ्याला डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे तो १० च्या खाली उतरतो. ३३ पीएसआयच्या टायरात तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण दीड-पावणेदोन पीएसआयने बदलतो. मे महिन्याच्या दुपारी ४३ अंशांत ३३ भरलेला टायर, थेंबभर हवा न गळता, १० अंशांच्या पहाटे २८ दाखवेल. त्यात नैसर्गिक गळतीचे दोन-तीन पीएसआय मिळवले की दिवा लागतोच. म्हणून थंडीच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दिवा लागलेल्या गाड्या पंक्चरच्या दुकानात रांग लावतात आणि दुपारी तोच दिवा आपोआप विझलेला असतो. सेन्सर बरोबर सांगत होता. दिवाळीनंतर एकदा पहाटेच्या गारव्यात हवा तपासून भरा.

उन्हाळ्यात उलट चूक होते. धुळ्याहून जळगावला भर दुपारी पोचल्यावर स्क्रीनवर ३८-३९ दिसतं आणि लोक हवा सोडून देतात. सोडू नका. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतरचा. गरम टायरमधून हवा सोडली तर सकाळी तो कमी भरलेला निघतो, आणि कमी हवेचा टायर उन्हात जास्त वाकतो, जास्त तापतो, फुटतो. चारांतलं एकच चाक बाकीच्यांपेक्षा चार-पाच पीएसआयने वेगळं दिसत असेल तर मात्र थांबून बघा.

दुसरी अडचण शेताच्या रस्त्यांची. बाभळीचा काटा, कापूस निघाल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटीची खुंटं, तुरीची धसकटं यांनी होणारं पंक्चर बारीक असतं आणि हवा दोन-तीन दिवसांत उतरते. इथे सेन्सरची खरी किंमत कळते. पण याच भीतीने टायरात पंक्चर न होण्याचं जेल भरून घेण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. चाकात सेन्सर असेल तर ते भरू नका. जेल त्या सुईएवढ्या भोकात जाऊन सुकतं. डब्यावर सेन्सरला चालतं असं लिहिलेलं असलं, तरी आधी गाडीच्या मॅन्युअलचं मत बघा. साध्या काट्याच्या पंक्चरला बाहेरून भोकात ठोसायची दोरी किंवा आतून लावायचा मश्रूम पॅच पुरतो. मश्रूमसाठी टायर उतरवावा लागतो, म्हणजे वरची सगळी पावलं पुन्हा.

यात एक विसंगती आहे खरी. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत टीपीएमएस आणि टायर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती उरली नाही. त्यामुळे सेन्सर असलेल्या काही गाड्यांत स्टेपनीऐवजी नेमकी सीलंटची बाटली मिळते. ती अडचणीच्या वेळेसाठी आहे, वापरायला हरकत नाही. पण नंतर टायर उघडून रिम आणि सेन्सर ओल्या कापडाने लगेच पुसून घ्या, आणि आकडा अडकलेला दिसला तर सेन्सर बदलायची तयारी ठेवा. भोकात सुई घालून साफ करण्याचा उद्योग करू नका, आतला पडदा फाटतो.

अलॉय बदलताना आणि बाहेरून लावायचे सेन्सर

बाजारातले अलॉय घेताना लोक माप आणि डिझाइन बघतात, व्हॉल्व्हच्या भोकाकडे कोणी बघत नाही. भोकाजवळ रिमचा आकार असा हवा की सेन्सर सपाट बसेल, आणि त्याचं अंग टायरच्या कडेच्या वाटेत येणार नाही. पैसे देण्याआधी एक सेन्सर नव्या रिमला लावून बघायला सांगा. सेन्सर सात-आठ वर्षांचे झाले असतील तर याच वेळी चारही नवे घ्या. टायर उतरलेलेच आहेत, आणि एकाची बॅटरी गेली की बाकीच्यांचीही फार मागे नसते.

ज्या गाडीत मुळात काहीच नाही, तिच्यासाठी व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे चार सेन्सर आणि सौर पट्टीचा छोटा डिस्प्ले मिळतो. बसवायला टायर उतरवावा लागत नाही, बॅटरी घरी बदलता येते. टोप्यांवर चाकाची जागा लिहिलेली असते, ती पाळा. दाब थंड टायरवर सेट करा आणि खालची सूचना ठरलेल्या दाबाच्या वीसेक टक्के खाली ठेवा. जुन्या, चिरा पडलेल्या रबरी व्हॉल्व्हवर हे वजन लावू नका, आधी व्हॉल्व्ह नवे घाला. टोपी आवळल्यावर साबणाचं पाणी टाका, कारण ही टोपी आतली पिन सतत दाबून ठेवते आणि तिचं सील हलकं असेल तर तीच हवा घालवते. चोरी टाळण्यासाठी दिलेला खालचा नट लावला तर त्याचा छोटा पाना गाडीतच ठेवा, नाहीतर पंपावर हवा भरता येणार नाही. डिस्प्ले काचेला चिकटवायचा असतो, पण उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीत त्याची लिथियम बॅटरी फुगते. एप्रिल ते जून गाडी उभी करताना तो काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.